डॅरिल, तुझी प्रकट मुलाखत

डॅरिल,

केंड्राचा फोन आला तेव्हा मी गाडी धुवायला देऊन अजमानच्या कॉर्निशवर, समुद्रकाठच्या रस्त्यावर, चहा पीत उभा होतो. तुझी मुलगी इतकी व्यवस्थित की तू गेलास हे सांगायच्या आधी तिनं मी कसा आहे, माधवी कशी आहे, सईचं कॉलेज कसं चाललंय, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, डॅडी मंगळवारी सकाळी गेला. झोपेत गेला. त्रास झाला नाही. असं सगळेच सांगतात, पण तुझ्या बाबतीत मी त्यावर विश्वास ठेवायचं ठरवलंय.

मग तिनं एक प्रश्न विचारला. तिकडचे डॉक्टर तुझा मेंदू तपासणार आहेत. इतकी वर्षं मैदानावर डोक्याला मार खाऊन आत काय झालं, ते त्यांना बघायचंय. त्यासाठी एक फॉर्म असतो आणि त्यात घरच्यांनी लिहायचं असतं की तुझा विसरण्याचा आजार नक्की केव्हा सुरू झाला. "आम्ही कोणीच तिथं नव्हतो, अंकल," केंड्रा म्हणाली. "तुम्ही होतात. डॅडी नेहमी म्हणायचा, श्री रिमेंबर्स एव्हरीथिंग."

मी म्हटलं, आठवून सांगतो. त्याला आज चार दिवस झाले. खरं तर आठवण्यासारखं काही नाहीच. मला तो दिवस आठवतो, सभागृह आठवतं, तू घातलेला निळा शर्ट आठवतो. प्रश्न आठवणीचा नाहीये. तिला उत्तर द्यायचं तर मी त्या दिवशी काय केलं तेही सांगावं लागेल, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणून आधी तुला लिहितोय. तुला मराठी वाचता येत नव्हतं हे माझ्या सोयीचंच आहे. भित्र्या माणसाला सोयी बरोबर सापडतात.

आपली ओळख बर्फावरून झाली. दुबई मरीनातल्या ऑफिसात मी क्वांटिटी सर्व्हेयर होतो, म्हणजे इमारतीत किती काँक्रीट, किती लोखंड, किती काच लागेल ते मोजणारा. आमचा बिल्डर एक टॉवर बांधणार होता, त्याच्या तळमजल्यावर क्रीडा अकादमी होणार होती, आणि तिचा प्रमुख म्हणून अमेरिकेहून तुला आणलं होतं. रस्त्यावरच्या मोठ्या फलकावर अमेरिकन फुटबॉलचं हेल्मेट काखेत धरलेला तुझा फोटो होता. तू कपडे बदलायच्या खोलीत सहा माणसं बसतील एवढा बर्फाचा हौद मागितलास आणि मी नकाशावर लाल पेनानं काट मारली. दुबईत बर्फ सरबतात घालतात, माणसांवर नाही, असं बाजूला लिहिलंसुद्धा.

तू माझ्या टेबलापाशी आलास. समोरच्या खुर्चीत बसलास तेव्हा तिनं आवाज केला आणि तू तिची माफी मागितलीस. मग म्हणालास, "श्री, मॅच झाल्यावर मी त्या बर्फात वीस मिनिटं बसायचो आणि लहान पोरासारखा रडायचो. त्यानंतरच मला जिना चढता यायचा." एवढा सव्वासहा फुटी माणूस हे अगदी साधेपणानं सांगत होता. मी हौद परत नकाशात घातला. तो कधी बांधला गेला नाही, पण माझ्या मोजमापात तो शेवटपर्यंत होता.

२००८ साल संपता संपता मंदीत सगळंच बसलं. आधी म्हणाले, प्रोजेक्ट होल्डवर आहे. मग म्हणाले, पुढच्या क्वार्टरला इन्शाल्ला. एके दिवशी व्हिसाची कामं बघणारा माणूस आम्हा दोघांच्या मध्ये उभा राहून म्हणाला, "खलास, हबीबी," आणि दोघांना एकेक पाकीट देऊन गेला. तुझी बायको केंड्राला घेऊन अमेरिकेला परतली. फक्त उन्हाळ्यापुरती, असं तू म्हणालास. त्या सुमारास सगळेच असं काहीतरी म्हणत होते, म्हणून मी पुढे विचारलं नाही. आम्ही मरीनाजवळचं घर सोडून अजमानला आलो, कारण माधवी तिथल्या शाळेत गणित शिकवायची. त्या शाळेला पीटीचा शिक्षक हवा होता. माधवीनं तुझं नाव सुचवलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "त्यांना नेमकं काय येतं?" माधवीनं सांगितलं, "माणसं अडवता येतात." त्या शाळेला मधल्या सुट्टीत तेवढंच हवं होतं. तू आमच्याच इमारतीत राहायला आलास. आम्ही चौथ्या मजल्यावर, तू तिसऱ्या.

दर शुक्रवारी सकाळी तू खालच्या बेकरीतून गरम खुबूस, म्हणजे अरबी रोट्या, घेऊन वर यायचास. माधवी थालीपीठ लावायची आणि तू ते खुबूसमध्ये गुंडाळून खायचास. पोळीत पोळी घालून खाणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. "इट्स अ सँडविच, बाबा," सई मला समजवायची. तिला तू फार आवडायचास. तू एकटाच तिच्याशी मोठ्या माणसासारखा बोलायचास आणि गणितात किती मार्क पडले ते विचारायचा नाहीस.

तुझा खेळ तू मला वाट्या मांडून शिकवलास. चटणीची वाटी म्हणजे समोरचा बॉलवाला, दह्याची वाटी म्हणजे तू. तू बचाव फळीच्या मधोमध उभा राहायचास. लाइनबॅकर. समोरचा कुठं पळणार ते त्याच्या डोळ्यांवरून आधी ओळखायचं आणि त्याला तिथंच पाडायचं. "माझं काम म्हणजे काहीतरी घडू न देणं," तू म्हणालास. "ते घडलं नाही की मी कुणाला दिसत नाही. घडलं की सगळ्यांना दिसतो." हे मला फार पटलं. माझंही काम तसंच होतं. इमारत उभी राहिली की आर्किटेक्टचं नाव होतं. मोजमाप चुकलं तरच मला शोधतात.

बाकी आपलं एका गोष्टीवर कधी एकमत झालं नाही. सहा सेकंद पळायचं आणि मग सगळ्यांनी गोल उभं राहून चर्चा करायची, याला मी खेळ मानत नव्हतो. याला मीटिंग म्हणतात, असं माझं म्हणणं. तुझं म्हणणं, जे लोक मधे जेवायला जातात आणि पाच दिवसांनी बरोबरीत सोडवून घरी येतात त्यांनी यावर बोलू नये. या वादात माझ्याकडे एक चांगला मुद्दा शिल्लक आहे. तो आता माझ्याकडेच राहणार.

डोक्याला लागल्याच्या गोष्टीही तू हसत सांगायचास. टक्कर झाली की डोक्यात घंटा वाजायची, मैदान तिरकं व्हायचं. मग बाहेर उभा असलेला ट्रेनर बोटं दाखवून विचारायचा, किती? "तो नेहमी दोनच दाखवायचा," तू म्हणालास. "म्हणजे कुणी चुकायला नको." मी हसलो, सई हसली. माधवी हसली नाही. ती मला मराठीत म्हणाली, "याला कुणी थांबवलं नाही का रे?" तू विचारलंस ती काय म्हणाली. मी सांगितलं, आणखी एक थालीपीठ हवंय का विचारतेय.

आता अण्णांबद्दल. माझ्या वडिलांना, चिंचवडला, नोकरी गेल्याचं मी सांगितलंच नव्हतं. एका छोट्या कंत्राटदाराकडे मी निम्म्या पगारावर दरवाजे-खिडक्या मोजत होतो, आणि फोनवर अण्णांना मरीनाच्या ऑफिसच्या खिडकीतून दिसणाऱ्या बोटींचं वर्णन ऐकवत होतो. एकदा असा फोन चालू असताना तू समोर बसला होतास. झाल्यावर विचारलंस, "काय सांगत होतास एवढं?" मी म्हटलं, "समुद्राबद्दल." आमच्या खिडकीतून समोरच्या इमारतीवर वाळत घातलेली चादर दिसत होती. तू चादरीकडे बघितलंस आणि चहा प्यालास.

त्या वर्षी हिवाळ्यात अण्णा व्हिजिटवर आले आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाले, ऑफिस दाखव. मी तुझ्याकडे आलो. तू काही विचारलं नाहीस. सूट चढवलास, टाय बांधलास, मरीनाच्या त्या इमारतीखालच्या कॉफीच्या दुकानात आमच्या आधी जाऊन बसलास. अण्णांना तू आमचा मोठा साहेब वाटलास. वर ऑडिट चालू आहे, पाहुण्यांना सोडत नाहीत, असं तू इतक्या गंभीरपणे सांगितलंस की माझाही विश्वास बसला. मग माधवीकडून पाठ केलेलं वाक्य तू अण्णांचा हात हातात घेऊन म्हणालास, "अंकल, आपका बेटा बहुत बड़ा काम करता है." अण्णांचे डोळे भरून आले. परतीच्या वाटेवर ते एकच म्हणाले, "साहेब चांगला मिळालाय, टिकवून ठेव." पुढच्या वर्षी ते गेले. माझी नोकरी गेल्याचं त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मला तू वाचवलंस, डॅरिल. त्या दिवशी एक गोष्ट घडायची होती, ती तू घडू दिली नाहीस. मी तुझा एकच खेळ पाहिला, तो हा.

आणि एवढं सगळं झाल्यावर मी काय करावं? मी तुझ्या चुका मोजायला लागलो.

तुझी एक आवडती गोष्ट होती. शेवटचं एक मिनिट उरलंय, समोरच्यानं फेकलेला बॉल तू मधेच पकडलास आणि मॅच वाचवलीस. ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा पाऊस पडत होता. काही महिन्यांनी बर्फ पडायला लागला. कधी तू सात वर्षं खेळला होतास, कधी नऊ. ऑपरेशन कधी डाव्या गुडघ्याचं असे, कधी उजव्या. आयुष्यभर दोन कागदांवरचे आकडे जुळवण्यात घालवलेला माणूस मी. न जुळणारी गोष्ट दिसली की मला सोडवत नाही. माझ्या मनानं निकाल दिला की माणूस फेकतोय. खेळला असेल थोडंफार, बाकी सगळा मसाला.

त्या काळात अजमानमध्ये फेकणाऱ्यांना तोटा नव्हता हेही खरं. नोकरी गेलेला प्रत्येक जण लाँग लीव्हवर होता. मला त्या सगळ्यांचा राग यायचा. खोटं मीही बोलत होतो, पण दुसऱ्याचं खोटं पकडताना स्वतःचं जरा लहान दिसतं. तू मात्र तेव्हा खोटं बोलतच नव्हतास.

मग आमच्या मराठी मंडळाच्या साठेकाकांच्या डोक्यात आलं की तुझी प्रकट मुलाखत घ्यायची. साठेकाकांचा फरसाणाचा धंदा, पण हौस नाटकाची. तू विचारलंस, हा काय प्रकार असतो? मी सांगितलं की मराठी माणसाला कुणाचं कौतुक करायचं झालं की तो त्याला स्टेजवर खुर्चीत बसवतो, समोर दुसरी खुर्ची ठेवतो, मधे फुलदाणी ठेवतो आणि दीड तास प्रश्न विचारतो. शेवटी शाल आणि नारळ. तू हसलास. पण दोन दिवस आधी खाली जिन्यात गाठून मला म्हणालास, "काय विचारणार आहेस ते लिहून देशील का? मी वाचून ठेवतो." मी म्हटलं, "नाही. मुलाखत उत्स्फूर्त हवी, तरच मजा." तू मान हलवलीस आणि निघून गेलास. मला वाटलं, आता घाबरलाय, कारण गोष्टी रचायला वेळ मिळणार नाही.

शुक्रवारी सकाळी, पोहे आणि चहानंतर, शाळेचं सभागृह भरलं. तू निळ्या शर्टात, मी झब्ब्यात. सुरुवातीला सगळं छान चाललं. तू बर्फाच्या हौदाची गोष्ट सांगितलीस, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तू शेवटच्या मिनिटाची गोष्ट सुरू केलीस आणि त्यात बर्फ पडायला लागला. मी माइक तोंडाशी धरला आणि म्हटलं, "गेल्या आठवड्यात तर पाऊस होता." लोक हसले. तूही हसलास. मी तिथं थांबायला हवं होतं. पण हशा आला की माणसाला चेव येतो. मी गुडघ्यांवर आलो. डावा की उजवा? मग वर्षांवर. सात की नऊ? प्रत्येक वेळी सभागृह हसलं. मागून कुणीतरी ओरडलं, "थर्ड अंपायर बोलवा."

शेवटी मी विचारलं, "बरं, त्या मॅचचा स्कोअर तरी सांग." तू तोंड उघडलंस आणि मिटलंस. तुझे डोळे फुलदाणीवर गेले, तिथून हातांवर आले, आणि मग तू माझ्याकडे पाहिलंस. तू माइक बाजूला केलास, पुढे वाकलास आणि फक्त मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणालास, "हेल्प मी आउट, श्री."

मला वाटलं, तू मला तुझ्या फेकाफेकीत सामील करून घेतोयस. मी माइकमध्ये मराठीत म्हटलं, "पाहुणे म्हणताहेत, मदत कर." सभागृहात एकच हशा पिकला. साठेकाका हसून हसून डोळे पुसत होते. तुला शब्द कळले नाहीत, पण कशाला हसताहेत ते कळलं. तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं त्याला मी इतकी वर्षं ओशाळलेपणा म्हणत आलो. ती भीती होती. साठेकाका तुला शाल पांघरत होते आणि मी फोटोसाठी हसत उभा होतो.

त्यानंतर मी तुझ्याशी अबोला धरला. अपमान तुझा झाला होता आणि रुसलो मी, कारण माझ्या मते तू मला फसवलं होतंस आणि ते कबूल करायला तूच वर यायला हवं होतंस. तू आलासही. पुढच्याच शुक्रवारी, गरम खुबूस घेऊन, काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं. मला तो कोडगेपणा वाटला. मी पेपरमध्ये डोकं खुपसलं आणि हो-नाहीवर भागवलं. आमच्यात एवढं पुरतं. समोरचा दोन-तीन दिवसांत अस्वस्थ होतो, आठवड्यात विचारतो, महिन्यात समेट होतो. तू वर्ष झालं तरी खुबूस आणतच राहिलास. माधवी म्हणाली, "अरे, तू अबोला धरलायस हे त्याला कळतच नाहीये. निदान सांग तरी." मी म्हटलं, "सांगून धरायचा तर अबोला कशाला म्हणायचं?" त्या वाक्याचा मला अभिमानसुद्धा वाटला होता.

दीड-दोन वर्षांनी एका दुपारी आमच्या दाराला कुणीतरी किल्ली लावत होतं. मी दार उघडलं तर तू. तू माझ्यावर ओरडलास. माझ्या घरात काय करतोयस, विचारलंस. मग आत माधवीला पाहिलंस, भिंतीवरचं सईचं चित्र पाहिलंस, आणि दारातच खाली बसलास. माधवीनं तुला पाणी दिलं. ती नंतर म्हणाली की शाळेतही दोन महिने असंच चाललंय. एकाच वर्गाला दोनदा मैदानावर नेतोस, आणि मुलं तुला सांभाळून घेतात. दहा-बारा वर्षांची मुलं, डॅरिल. त्यांना मदत करायला कुणी सांगावं लागलं नव्हतं.

शाळेला कळलं तर नोकरी जाईल आणि नोकरीबरोबर व्हिसा, म्हणून मी तुला लांब अल ऐनच्या हॉस्पिटलात नेलं. दीड-दोन तासांच्या वाटेवर तू वाळूकडे बघत होतास आणि मी इतक्या दिवसांनी तुझ्याशी बोलायला विषय शोधत होतो. डॉक्टरांनी बरंच काही तपासलं आणि विचारलं, "केव्हापासून?" तू माझ्याकडे पाहिलंस, अगदी तसंच, स्टेजवर पाहिलं होतंस तसं. मी म्हटलं, "चार-पाच महिने असतील." खरं सांगितलं असतं तर सभागृहाचं सांगावं लागलं असतं. म्हणजे दुसऱ्यांदाही मी स्वतःलाच वाचवलं. लवकर कळल्यानं फारसा फरक पडला नसता, असं माधवी म्हणते. मी ते कुठल्या डॉक्टरला विचारलेलं नाही. उत्तराची भीती वाटते.

आमच्यात मित्राची माफी मागत नाहीत, त्याला जेवायला बोलावतात. पुढच्या शुक्रवारी माधवीनं भरली वांगी केली, अळूवड्या केल्या, मसालेभात केला. मी स्वतः वाढलं. तू बोटं चाटून जेवलास. पण ती माफी आहे हे तुला कसं कळणार, म्हणून मी शेवटी इंग्रजीत सुरुवात केली. ऑफिसात दिवसाला पन्नास वेळा लिहितो तो 'सॉरी' शब्द तोंडातून निघेना. म्हटलं, "त्या दिवशी सभागृहात मी जे..." तू म्हणालास, "कुठलं सभागृह?" मी म्हटलं, आपलं भांडण झालं होतं. तू मोठ्यानं हसलास आणि माझ्या पाठीवर थाप मारलीस. "आपलं कधीच भांडण झालेलं नाही, मॅन. या देशात ज्याच्याशी मी भांडलो नाही असा तू एकटा आहेस." माधवी उठून स्वयंपाकघरात गेली. मी तुला आणखी भात वाढला.

मग केंड्रा तुला न्यायला आली. पुढची सहा वर्षं अधूनमधून फोन व्हायचे. शेवटच्या फोनवर तू मला कुठल्यातरी जुन्या सोबत्याच्या नावानं हाक मारलीस आणि शेवटच्या मिनिटाची गोष्ट मलाच सांगितलीस. आता तिच्यात मीही होतो, तुझ्या उजव्या हाताला उभा. "आठवतं ना?" तू विचारलंस. मी म्हटलं, आठवतं. तू म्हणालास, काय पाऊस होता. मी म्हटलं, हो, फार पाऊस होता. या वेळी मी काही दुरुस्त केलं नाही.

इथवर लिहिलं आणि केंड्राला फोन लावला.

मी तिला वर्ष सांगितलं, महिना सांगितला. ती म्हणाली, "तुम्ही शुअर आहात?" मी म्हटलं, मी त्याच्या समोर बसलो होतो. आणि मग थांबलो नाही. पाऊस आणि बर्फ, गुडघे, स्कोअर, तू माइक बाजूला करून काय म्हणालास आणि मी माइकमध्ये काय म्हणालो, सगळं सांगितलं. अल ऐनच्या डॉक्टरला खोटं सांगितलं तेही सांगितलं. मला वाटलं, आता फोन ठेवेल. ठेवला असता तर तिचं काही चुकलं नसतं.

ती म्हणाली, "त्यानं तुमच्याकडे मदत मागितली? शब्दांत?"

मी म्हटलं, हो.

"माझी आई त्याला सोडून गेली ती यासाठीच," ती म्हणाली. "काय होतंय ते तो कधी सांगायचाच नाही. सहा वर्षं मी त्याच्या शर्टाची बटणं लावली, आणि रोज सकाळी तो मला म्हणायचा, आय गॉट इट, माझं मी करतो. मला वाटायचं की त्यानं आयुष्यात कधी कुणाकडे मदत..." मग ती म्हणाली, "अंकल, तो म्हणाला तसं म्हणून दाखवा. एक्झॅक्टली."

मी म्हटलं, "हेल्प मी आउट, श्री." माझ्या चिंचवडच्या इंग्रजीत.

ती म्हणाली, "अगेन."

मी पुन्हा म्हटलं, तू म्हणाला होतास तेवढ्याच हळू आवाजात.